आमची वाटचाल: गॅस्केटपासून कण्यापर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमचा मूळ धंदा सिलिकॉन गॅस्केटचा. गिऱ्हाईक पंपवाले, आणि महिनाअखेरीला ठरलेले वसुलीचे फोन. ओळखीतल्या एका भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "सुई टोचल्यावर माणसाच्या पाठीसारखं हाताला लागेल, असं काही करून द्याल?" त्यांचे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, तोवर केळ्यावर सराव करत होते.

एपिड्यूरल, म्हणजे बाळंतकळा कमी करायला पाठीतून देतात ते भुलीचं इंजेक्शन, देताना आतलं काही दिसत नाही. एका हाताने सुई सरकवायची, दुसऱ्या हाताचा अंगठा सलाइन भरलेल्या सिरिंजच्या दट्ट्यावर. कातडी, चरबी, मणक्यांमधले बंध ओलांडून सुई शेवटच्या चिवट बंधात, लिगामेंटम फ्लेवममध्ये, शिरली की दट्ट्या हलेनासा होतो. फ्लेवम ओलांडला की सलाइन एकदम आत जातं. तिथेच थांबायचं. आणखी काही मिलिमीटर पुढे गेलात तर ड्युराला, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या आवरणाला, भोक पडतं आणि नंतर बाळंतीण उठून बसली की तिचं डोकं ठणकायला लागतं.

त्या 'एकदम'साठी आमची सगळी मेहनत गेली. हुबेहूब दिसणारी पाठ कुणीही बनवेल. फ्लेवमचा थर मऊ झाला तर अंगठ्याला काही कळत नाही. कडक झाला तर टायरमध्ये खिळा घातल्यासारखं वाटतं. थरात कापडाची बारीक जाळी घालायची कल्पना आमच्या मोल्डिंगवरच्या काकांची. ड्युरामागे आम्ही रंगीत पाण्याची पिशवी बसवली. सुईतून ते पाणी टपकलं की रेसिडेंट काय ते समजतो, ओरडावं लागत नाही.

२०१९ मध्ये एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, स्किल लॅबवर, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायच्या खोल्यांवर, भर आला आणि चौकशा वाढल्या. महागडा पुतळा घेऊन काचेच्या कपाटात बंद ठेवणारी कॉलेजंही पाहिली. आमचा धंदा खरा चालतो तो बदलायच्या ब्लॉकवर, म्हणजे पाठीतल्या सुई टोचायच्या भागावर. त्यात सुयांच्या वाटा पडल्या की सलाइन जुन्या भोकांतून बाहेर येतं, सराव फुकट जातो. टेंडरमध्ये मात्र ब्लॉकसाठी बहुतेकदा रकानाच नसतो! पाठ घेतली, संपलं.

आता लठ्ठ रुग्णाची पाठ करतोय. कमरेच्या दोन्ही हाडांचे माथे जोडणारी रेघ साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते, तिच्यावरून टोचायची जागा ठरते. चरबी जाड असली की ती हाडं चाचपून सापडत नाहीत आणि सुईलाही लांबचा पल्ला. साचा तयार आहे. पाठीची किंमत आधीच्याच पाठीएवढी ठेवणार, ब्लॉक थोडे महाग पडतील.