वैतरणेचं पाणी वाचताना

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला नदी काठावरून बघायची सवय असते. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो आणि पावसाळ्यात 'गंगेवर' जातो ते पूर बघायला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घरोघरी एकच चौकशी सुरू होते, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती अख्खा पाण्याखाली गेला आणि सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हाही आम्ही लांब उभं राहून बघतच होतो. आईची शिकवण पक्की होती. गंगेला नमस्कार करायचा, आत उतरायचं नाही.

त्यामुळे भाच्याने "मावशी, वैतरणेत राफ्टिंगला येतेस का?" असं विचारलं, तेव्हा शेहेचाळीस वर्षांत कुणी मला नदीच्या आत बोलावलं नव्हतं हे एकदम जाणवलं. मी हो म्हटलं. आईचा चेहरा उतरला. "जिवंतपणी कसली वैतरणी तरायची?" गरुडपुराणातली मेल्यावर ओलांडायची नदी ती, आणि नाव तेच. तिला समजावण्यात अर्थ नव्हता. निघताना तिने पिशवीत खण, नारळ, तांदूळ बांधून दिले. "ओटी भरल्याशिवाय पाण्यात पाय घालू नकोस."

खरं तर वैतरणा आपल्याच घरातली. त्र्यंबकच्या डोंगररांगेत एका बाजूला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच रांगेच्या दुसऱ्या उतारावरून वैतरणा निघते आणि सह्याद्री उतरून अरबी समुद्र गाठते. माहेर एक, सासरं दोन टोकांना. पाऊसही तसाच वाटला गेलाय. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर. इगतपुरीच्या अलीकडे काचेवर बारीक भुरभुर होती. कसारा घाट लागला आणि पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनात. घाट उतरून जव्हार फाट्याला उजवीकडे वळलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची आवणी चालली होती, घोंगडी-इरली मागे पडून आता निळं प्लास्टिक पांघरलेल्या बाया ओळीत वाकलेल्या.

पहिल्या खेपेला आम्ही पाण्यात उतरलोच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा विश्वास त्या दिवशी बसला. काठावर पोहोचलो तर नदी चहाच्या रंगाची होऊन धावत होती. गाईड ऋषिकेशचा, तिशीतला, कमी बोलणारा. तो आमच्याकडे न बघता समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वहाँ एक काला पत्थर होता है। आज नहीं दिख रहा। आज नहीं जाएँगे।" आमच्यातले दोघं-तिघं मुंबईहून पहाटे निघालेले, ते चिडले. पैसे भरलेत, सुट्टी काढलीय, एवढं काय होतं? तो वाद घालत बसला नाही. बोट उलटी करून गाडीवर चढवायला लागला. मला मात्र एकदम घरच्यासारखं वाटलं. यांचाही एक मारुती होता तर.

दरवर्षी पावसाळ्यात आपल्या भागात धबधब्यांत, धरणांच्या फुगवट्यात तरुण पोरं बुडतात. त्या बातम्या वाचून 'नको तिथे जातातच कशाला' असं मीही म्हणत आलेय. आता वाटतं, जाणं वाईट नाही, पण 'आज नाही' म्हणणारा माणूस बरोबर नसणं वाईट.

दोन आठवड्यांनी परत गेलो. काळा दगड छातीइतका उघडा होता.

उतरण्याआधी तासभर काठावरच शिकवणी झाली. लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळले की पूर्ण श्वास घेता येईना. मग गाईडने प्रत्येकाचं जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून पाहिलं. ते कानापर्यंत सरकलं की पट्टे पुन्हा आवळायचे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरून तळहात कधीही काढायचा नाही, नाहीतर ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. राफ्टच्या काठावर बसायचं आणि पाय पुढच्या हवेच्या आडव्या नळीखाली घट्ट खोचायचे. 'फॉरवर्ड', 'बॅक', 'गेट डाऊन' या हाका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी गुडघाभर असलं तरी नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे झोपवतं आणि मग उठता येत नाही. उताणं व्हायचं, पाय वर, बोटं पुढच्या दिशेला, आणि वाहत राहायचं. आयुष्यभर ऐकलं होतं, 'घाबरू नकोस, पाय टेकव.' इथे नेमकं उलटं.

मी बाजूला जाऊन ओटी भरली. नारळ पाण्यात सोडला तेव्हा गाईड हात जोडून माझ्या शेजारी उभा होता.

या टप्प्यात नदी दोन धरणांच्या मध्ये आहे. वर ऊर्ध्व वैतरणा आणि खाली मध्य वैतरणा. वरच्या धरणाचं पाणी ६० मेगावॉटच्या वीजघरातून फिरून नदीत येतं. म्हणजे आपण आभाळाच्या पाण्यावर आणि धरणाच्या पाण्यावर, दोन्हींवर असतो.

पहिली धाव, म्हणजे नदीचा खळाळता उतार, सोपी होती, किंचाळण्यात गेली. दुसरीच्या आधी गाईडने राफ्ट एका मोठ्या दगडामागे नेऊन थांबवली. थांबवली म्हणजे काय, ती आपोआपच थांबली. दगडाच्या पाठीमागे पाणी उलटं, वरच्या अंगाला वळत होतं आणि आम्हाला अलगद धरून ठेवत होतं. दोन हातांवर नदी गर्जत चाललीय आणि आम्ही देवळाच्या ओट्यावर बसल्यासारखे. तिथून त्याने पाणी वाचून दाखवलं. दोन दगडांच्या मधून निघणारा गुळगुळीत, काळसर पट्टा, खाली निमुळता होत जाणारा, ती जीभ, ती वाट. टोक आपल्याकडे असलेला, उलटा कोन दिसला तर टोकाशी दगड दडलेला आहे. पाणी एखाद्या शिळेवरून पडून परत मागे वळतंय, पांढरं होऊन जागच्या जागी घुसळतंय, तिथे जायचं नाही, ते बोटीला धरून ठेवतं. आणि पांढरं पाणी म्हणजे निम्मी हवा, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. मी गंगेच्या पुरात इतकी वर्षं फक्त 'पाणी' बघत होते. त्यात एवढी अक्षरं आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या धावेत मी पडले. राफ्टची कड खडकाला लागली, एक बाजू वर उचलली गेली, गाईड ओरडला आणि मला वजन वरच्या बाजूला टाकायला क्षणभर उशीर झाला. आधी आवाज बंद झाला. एवढी गर्जना आणि एकदम काही नाही. हेल्मेट कशाला तरी थडकलं, राफ्टचा तळ होता. हाताने ढकलत बाजूला सरकले आणि जॅकेटने मला वर फेकलं. तोंडात पाणी, नाकात पाणी, त्याला मातीची आणि कुजक्या पानांची चव. पाय आपोआप तळ शोधायला लागले. तेवढ्यात डावीकडून मराठीत हाक आली, "पाय वर, ताई! पाय वर घ्या!" छोट्या कयाकमध्ये बसून आमच्या पुढे-मागे राहणारा पोरगा होता तो, तिथल्याच पाड्यावरचा. मी पाय वर घेतले. समोर माझ्याच बुटांची टोकं दिसली आणि त्यांच्या पलीकडे मोकळं आभाळ. एक लाट अंगावरून गेली, दुसरी गेली. मग राफ्टवरून दोरी आली, नेमकी छातीवर पडली. भाच्याने आणि गाईडने जॅकेटच्या खांद्यांना धरून एका हिसक्यात मला आत घेतलं. मी राफ्टच्या तळाशी पडून रडत होते. भीतीने नव्हे. एवढ्या मोठ्या पाण्याने मला धरलं आणि सोडलं, ते अंगात मावत नव्हतं.

पुढे नदी डोहात शिरली. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या उभ्या भिंती, त्यांच्यावरून बारीक धारा, फटीफटींतून नेचे. पाण्याच्या रेषेला कातळात गोल रांजणखळगे, दगडगोटे फिरून-फिरून कोरलेले. आतून हात फिरवला तर घरातल्या माठासारखे गुळगुळीत. कुठूनतरी शीळकरी कस्तूर गात होता, माणसाने निवांत शीळ घालावी तसा. कुणी बोललं नाही, बराच वेळ.

कयाकवाला पोरगा वल्हं आडवं टाकून आमच्या बाजूने तरंगत होता. त्याला विचारलं, पोहायला कुठे शिकलास? "इथंच." मग जरा थांबून म्हणाला, "ताई, आता एवढं पाणी आहे. एप्रिलमध्ये या. माझी आई दोन हंडे घेऊन विहिरीवर रात्री नंबर लावते." हे पाणी खाली मध्य वैतरणेत, मग मोडकसागरात आणि तिथून मुंबईच्या नळांत जातं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी तीन या एकाच नदीवर आहेत, आणि शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. वर्तमानपत्रात हे किती वेळा वाचलंय. पण त्याच पाण्यावर बसून, ज्याने दहा मिनिटांपूर्वी मला हाक मारली त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा घशाशी आलं. त्याच्या आईच्या हंड्याला वर्षभर पाणी मिळण्याइतकी ही नदी नक्कीच मोठी आहे. धरणं बांधता येतात, तर पाड्यावर नळही नेता येतो.

उतरलो तिथल्या घरात नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कुर्डूची भाजी जेवलो. बोटं गारठून सुरकुतलेली, घास धड धरता येत नव्हता. भाकरी वाढणाऱ्या मावशींनी चूल पुढे सरकवली, माझे हात आपल्या हातांत घेऊन निखाऱ्यांवर धरले आणि कुठून आलात विचारलं. नाशिक म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हणजे वरचीच."

पुढच्या आठवड्यात गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला आणि आईला घेऊन मी होळकर पुलावर गेले. नेहमीची गर्दी, नेहमीचे मोबाइल. मी खांबांच्या मागे वळणारं पाणी बघत होते. प्रत्येक खांबामागे तो शांत ओटा, दोन खांबांच्या मधून निघालेली काळी जीभ, खाली पांढरा घुसळा. आईला एकेक दाखवलं, ही वाट, ही अडवणारी जागा, इथे बोट थांबते. तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता, पण बघत होती.

"ते सगळं खरं," ती म्हणाली, "मारुतीला कुठवर आलंय ते सांग."

"कमरेला."