तेवढं जबड्याचं ऑपरेशन का नाही करून टाकत?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन. माझा ओठ, हिरडी आणि टाळू जन्मतःच दुभंगलेले होते, त्यामुळे प्रश्न ठरलेला आहे. ओठाचं झालं, टाळूचं झालं, मग आता वरचा जबडा पुढे घेतला की चेहरा एकदम सरळ दिसेल, एवढं सगळं सोसलंस तर हे तेवढं का राहिलंय? विचारणारे बहुतेक सगळे मायेनेच विचारतात हे मला कळतं. तरी डोकं फिरतं.

लहानपणच्या ऑपरेशनांचं फार काही आठवत नाही. ओठ काही महिन्यांची असताना, टाळू वर्षाच्या आसपास, ते आईकडून ऐकलेलं. हिरडीच्या फटीत हाड भरलं ते मात्र आठवतं, कारण ते हाड कमरेतून काढलं होतं आणि तोंडापेक्षा कंबरच जास्त ठणकत होती. पण मोठं काम ऑपरेशनांचं नव्हतंच, बोलण्याचं होतं. मी गेंगाणं बोलायचे. बाबांना हाक मारली की ती मामा अशी ऐकू यायची, कारण ब म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते आणि माझी हवा नाकातून निसटायची. स्पीच थेरपिस्ट मॅडम नाकाखाली छोटा आरसा धरायच्या, तो धुरकट झाला की परत म्हणायचं. वर्गातली पोरं नाक दाबून माझी नक्कल करायची (नाक दाबलं की नेमकं उलट होतं, पण ते त्यांना कोण सांगणार). अशी वर्षं गेली आणि मग कधीतरी अनोळखी माणसाला माझं बोलणं पहिल्या झटक्यात कळायला लागलं.

आता जबडा. तो मागे का राहिला, तर बऱ्याच अंशी टाळूच्या त्या ऑपरेशनामुळेच. तिथे जे व्रण होतात ते ताणले जात नाहीत, वरचा जबडा हवा तसा वाढत नाही, खालचा आपला वाढत राहतो. ज्या ऑपरेशनाने बोलता आलं त्यानेच जबडा आखडला, आणि टाळू उशिरा शिवावा म्हटलं तर बोलणं बिघडतं. वाढ पूर्ण झाली की मग वरचा जबडा आडवा कापून सुटा करायचा, पुढे सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रू लावून बसवायचा.

मी १९ वर्षांची असताना हे जवळजवळ ठरलं होतं. दातांना तारा लागलेल्या, सर्जननी एक्सरेवर रेघा मारून नवीन चेहरा कसा दिसेल ते दाखवलेलं आणि मी हवेत. मॅडम म्हणाल्या, आधी नाकातून कॅमेरा घालून बघू या. नाकात बधिर करायचा स्प्रे मारला, तो कडू घशात उतरला, मग बारीक नळी आत सरकली आणि डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं. आई माझी पर्स घेऊन कोपऱ्यात उभी. मॅडम म्हणाल्या, म्हण, काका कपाटात कागद ठेव. या वाक्यात म नाही न नाही, म्हणजे सगळी हवा तोंडातूनच जायला पाहिजे. स्क्रीनवर माझाच टाळू दिसत होता, ओला गुलाबी पडदा, वर उचलला जायचा, बाजूच्या भिंती आत यायच्या आणि नाकाकडची वाट बंद व्हायची. मग स स स म्हणायला लावलं. एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे आले, म्हणजे तिथून थोडी हवा निसटत होती.

टेकतंय, पण जेमतेम, मॅडम म्हणाल्या.

जबडा ८-९ मिलिमीटर पुढे घ्यायचा होता. जबड्याबरोबर टाळूही पुढे जाणार, घशाची मागची भिंत मात्र जागेवरच राहणार. ज्यांचा टाळू धडधाकट असतो त्यांचा तो ताणून भिंतीपर्यंत पोचतो. माझा, शिवलेला, पोचेल का? सर्जननी प्रामाणिकपणे सांगितलं की छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही, बिघडलं तर नंतर घशाचं वेगळं ऑपरेशन करता येतं. मशीन लावून जबडा रोज थोडा थोडा सरकवायचीही पद्धत आहे, पण त्यानेही बोलण्याचा धोका जातोच असं नाही. नळी अजून नाकातच होती आणि मी बोलायला गेले की स्क्रीनवरचा पडदा हलत होता, त्यामुळे मी गप्पच बसले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, तू ठरव. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला होता, कारण तिने ठरवलं असतं तर मला आयुष्यभर तिला बोल लावता आला असता.

मी नाही म्हटलं. आणि ती १९ची मी आजही माझ्याशी भांडते, म्हणते तू घाबरलीस आणि त्याला विचारपूर्वक निर्णय असं नाव दिलंस. बिघडलंच नसतं तर? बऱ्याच जणांचं नाही बिघडत. मी तिला म्हणते, बाई, माझं काम दिवसभर फोनवर बोलायचं आहे, तिकडच्या माणसाला माझ्या आवाजात काही वेगळं जाणवत नाही, हे मी कुठल्याही फोटोसाठी पणाला लावणार नाही. ती म्हणते, मग फोटोत अजून मान वळवून का उभी राहतेस? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुम्हालाही ते देणं लागत नाही.

फक्त एक सांगते, चेहऱ्यावरून मला कुणी पटवू नका, ते आता जमणार नाही. दातांचं वेगळं आहे. पुढचे दात उलटे बसतात, चावताना एकमेकांवर घासतात आणि झिजायला लागलेत असं डॉक्टर म्हणाले, हा मुद्दा मला खोडता येत नाही. या ऑपरेशनाला वयाची तशी वरची मर्यादा नाही. मॅडमना फोन करून परत कॅमेऱ्याची वेळ मागितली आहे, बुडबुडे वाढलेत की कमी झालेत ते तरी बघते. तोवर कृपा करून विचारू नका.