लाईट गेली आणि रेकॉर्डिंग झालं

मी कोल्हापुरात असतो. मिक्सिंग हा मूळ धंदा, पण लॉकडाऊननंतर ज्याला त्याला घरीच रेकॉर्डिंग करायचंय, त्यामुळे हल्ली निम्मा महिना लोकांच्या बेडरूममध्ये वायरी ओढण्यात जातो. बहुतेक ठिकाणी एकच प्रकार असतो, माल आधी घेतात आणि मग मला फोन करतात. इचलकरंजीची ही केस पण तशीच सुरू झाली.

फोन मुलीच्या वडलांचा. "सगळं सामान आलंय बघा, पण आवाजच नीट येईना. मशीन डिफेक्टिव्ह हाय का तेवढं बघून जावा." मुलगी बी.कॉम. झालेली, गाणं लहानपणापासून शिकलेली, एका अभंगाला स्वतः चाल लावलीय आणि तो रेकॉर्ड करायचाय. काकांचे, म्हणजे तिच्या वडलांचे, स्वतःचे माग. आता इचलकरंजी म्हटल्यावर माग आलेच, १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासूनचा खडखडाट आहे तो. आणि गंमत बघा, त्याच काळात त्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहायला, ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू. म्हणजे गाणं आणि माग दोन्ही या गावात जुनंच. बुवांना बारीकसारीक आवाज टिपणारा कंडेन्सर माइक लावून गायचं नव्हतं एवढंच.

घर दुमजली, वरच्या मजल्यावर मुलीची खोली, १० बाय १०. भिंतीला लागून शेजारचा शेड. मी जिन्यातच होतो तर पायाखाली थरथर लागायला लागली. खोलीत बघतो तर सामान अगदी व्यवस्थित मांडलेलं, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), कंडेन्सर माइक, पॉप फिल्टर, पाच इंची स्टुडिओ मॉनिटर म्हणजे स्पीकर, मिडी कीबोर्ड, आणि भिंतीवर काळ्या फोमचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे चिकटवलेले. कुठल्या तरी व्हिडिओत यादी बघून मागवलेलं सगळं, पन्नास हजारांच्या वर गेले असणार. यादी चुकीची नव्हती हो. पण ती शांत गल्लीत, अर्थिंग असलेल्या घरात राहणाऱ्या माणसाने केलेली होती.

हेडफोन कानाला लावला. आधी खडखड, ती अपेक्षितच होती. साधा माग असतो त्याचा धोटा (आडवा धागा नेतो तो) मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडे जातो, आणि असे बरेच माग एकत्र, प्रत्येकाची लय वेगळी. त्यात ही पोरगी हेडफोनमधल्या क्लिकवर, मिनिटाला ७२ ठोक्यांच्या लयीत गाणार. मुलगी म्हणाली, "दादा, फोम लावून पण काहीच फरक नाही." आता हे मी इतक्या वेळा सांगितलंय की पाठ झालंय, फोम बाहेरचा आवाज अडवत नाही. फोम खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत येतो तो थोडा कमी करतो, तो पण वरच्या पट्टीतला. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, फटी बंद. अंड्याच्या ट्रेचं तर नावच काढू नका.

पण खडखडीच्या खाली अजून एक आवाज होता, घूंऽऽ असा, आणि मला तो जास्त खटकला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिचा घुंगाट आला की तो ५० वर एकटा येत नाही, १००, १५०, २०० असे वरचे भाऊबंद बरोबर घेऊन येतो. मुलीची पट्टी काळी चार. म्हणजे खालचा सा साधारण २०८ हर्ट्झला. आणि घुंगाटाचा एक भाऊ बरोब्बर २०० ला बसलेला, 'सा'ला चिकटून पण सा नाही. तिने मिरजेचा तंबोरा छान लावला होता, आजोबांच्या वेळचा, समोर बसून ऐकला तर एकदम सुरेल आणि हेडफोनमध्ये ऐकला की बेसूर. बिचारी आठवडाभर तंबोरा लावत बसली होती! जवारी (तारांची गुंज) बिघडली म्हणून तारांखालचे दोरे बदलून बदलून थकली.

लॅपटॉपच्या पत्र्याला मनगट टेकलं तर बारीक मुंग्या. म्हटलं काका, घराला अर्थिंग आहे का? "तीन पिनचं सॉकेट हाय की." सॉकेट सगळीकडेच तीन भोकांचं असतं हो, तिसऱ्या भोकात वायर आहे का ते विचारतोय. पलीकडच्या गल्लीतला ओळखीचा वायरमन आला, त्याने तपासलं, खोलीतल्या एकाही सॉकेटला अर्थिंगच नाही, तिसरं भोक नुसतं शोभेला. मी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि मॉनिटरच्या वायरी पण सोडवल्या. घुंगाट गेला. मुलगी हेडफोन घालून बसली होती, तिने एकदम मान वर करून माझ्याकडे बघितलं.

इथे एक सांगून ठेवतो, नेटवर काही शहाणे सल्ला देतात की हम (असा घुंगाट) येत असेल तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. असलं काही करू नका. एक तर शॉक लागून मराल, आणि इथे तर मुळात अर्थिंग नसल्यानेच सगळा तमाशा होता. वायरमनला म्हटलं आधी खड्डा मारून अर्थिंग करून दे, ते काय दोन तासाचं काम नाही म्हणाला, दोन दिवसांनी करतो. ठीक आहे. तोपर्यंत बॅटरीवर.

राहिले माग. मी माझ्या बॅगेतला एसएम ५८ हा डायनॅमिक माइक काढला. १९६६ पासून बाजारात असलेला माइक, भजनी मंडळापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळीकडे दिसतो, त्यामुळे होम स्टुडिओवाल्यांना तो जरा गावठी वाटतो. मुलगी म्हणाली डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज कमी घेतो ना? सगळे असंच म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे. मागांचा आवाज आणि तुझा आवाज यांचं प्रमाण ठरतं तू माइकपासून किती लांब आहेस आणि माइकची पाठ कुठल्या दिशेला आहे त्यावर. अंतर निम्मं केलं की तुझा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, माग आहे तिथंच राहतो. डायनॅमिकवर लोक ओठ टेकवून गातात आणि कंडेन्सरवर फूटभर लांबून, म्हणून फरक वाटतो. कंडेन्सर पण चार बोटांवर आणला, माइकची पाठ शेडच्या भिंतीकडे केली, स्टँडच्या पायाखाली गोधडीची घडी ठेवली कारण निम्मी धडधड फरशीतूनच वर चढत होती, ८० हर्ट्झच्या खालचं कापलं. बरंच सुधारलं. पण गाणं अभंगाचं, सुरुवातीला नुसता तंबोरा आणि आलाप. अशा जागी थोडा जरी माग राहिला तरी ऐकू येतो. फोमचे पैसे वाया गेले म्हणून काका खट्टू होऊन बसलेले. मी मनातल्या मनात म्हणत होतो की हिला आता कोल्हापूरला न्यावं लागणार, कुठल्या तरी स्टुडिओत तासाच्या भाड्याने.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला ते आधी कळलं. मग शेजारचा शेड बसला, मग मागचा, मग एकेक करत सगळी गल्लीच. काका वैतागून उठले, "झालं! आता काय करताय तुमी?" वायरमनला फोन लावला तर तो म्हणे डीपीवर काम काढलंय, तास-दीड तास तरी जाईल. मी म्हटलं काका, बसा खाली.

कारण त्यांनी नकळत एक गोष्ट झकास घेतली होती, इंटरफेस. तो लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, वेगळा अडॅप्टर नाही, कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट पण त्यातूनच जातात. लॅपटॉपची बॅटरी निम्म्याच्या वर होती. वायफाय बंद, मोबाईल खाली पाठवले, स्क्रीनचा उजेड कमी. मुलीला आवाज उशिरा येतोय अशी जुनी तक्रार होती म्हणून तिने बफर (लॅपटॉप आवाज किती साठवून मग पुढे देतो तो आकडा) ६४ वर नेऊन ठेवलेला, त्यात बॅटरीवर लॅपटॉप धीमा झाला की कटकट असे क्लिक येणार. तिला इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाखवलं. ते दाबलं की स्वतःचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो, मग बफर ५१२ ठेवला तरी गायला अडचण नाही. हे बटण तिने कधी दाबलंच नव्हतं. कॉम्प्रेसरचा रेशो, ॲटॅक, रिलीज सगळं तोंडपाठ, व्हिडिओ बघून बघून, पण समोरच्या डब्यावरच्या बटणाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) पण तसाच, मीटर पार लाल होईपर्यंत चढवलेला. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करतोय ना, मग मोठ्या स्वराला मीटर उणे १२ च्या आसपास राहू दे, नंतर वाढवता येतं.

मग नवीनच भानगड. लाईट गेली म्हटल्यावर शेडमधले कामगार बाहेर आले आणि बरोब्बर आमच्या खिडकीखाली तंबाखू मळत गप्पा सुरू. काका खाली गेले. काय सांगितलं माहीत नाही पण खालून एकाचा आवाज आला, "व्हय व्हय, म्हनू दे की." आणि गप्पा बंद.

एप्रिलची दुपार, खिडकी बंद, पंखा नाही. घामाच्या धारा. पहिले टेक ती घाबरून बारीक गायली, आपला आवाज इतका स्वच्छ कधी ऐकला नसेल तर असं होतं, श्वाससुद्धा ऐकू येतो आणि माणूस बिचकतो. मी हेडफोनमध्ये तिचा आवाज जरा कमी केला आणि तंबोरा वाढवला. लगेच ती मोकळी झाली. हे बारकं काम आहे पण लक्षात ठेवा, गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जास्त आला की तो दबून गातो. दुसरं म्हणजे वरचा सा घेताना मान किंचित बाजूला वळवायची. ते तिला एकदा दाखवलं आणि पुढच्याच टेकला आलं, मंचावर गायची सवय असलेल्यांना हे पटकन जमतं. ध्रुपद झालं, पहिलं चरण झालं. एक टेक अप्रतिम गेला आणि शेवटच्या तिहाईला पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी. तेवढा तुकडा परत घेतला. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक एकाखाली एक ठेवून चांगले तुकडे जोडायचे कसे ते तिथल्या तिथे दाखवलं, तिने माझ्या हातातून माउस काढून घेतला आणि स्वतःच करायला लागली. ते सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतरचं लायसन्स पण साध्या वापराला ६० डॉलर, मी सगळ्यांना तेच सांगतो.

दुसऱ्या चरणाच्या मधेच लाईट आली. पंखा, फ्रिज, आणि शेड, सगळं एकदम. मुलीने हेडफोन काढून गादीवर टाकला.

खाली चहा घेताना काका म्हणाले, "आता काय परत द्यायचं ते सांगा." म्हटलं मॉनिटर. चौकोनी १० बाय १० च्या खोलीत लांबी-रुंदी सारखी असली की ५६-५७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन्हीकडून फुगतो, त्यावर मिक्स करायला बसली तर बेस कमी-जास्त कळणारच नाही. त्यापेक्षा बरा हेडफोन घ्या, ते पैसे अर्थिंगला आणि एका जाड पडद्याला घाला. फोम राहू दे, चिकटवलेला परत कोण घेणार. काका म्हणाले, "आणि इन्व्हर्टर टाकतो मोठा, म्हंजे लाईट गेली तरी पोरीचं काम थांबायला नको." आता यांना काय सांगावं! म्हटलं घराला टाका हवा तर, पण हिच्या खोलीचं कनेक्शन त्यावर घेऊ नका, आणि शेडवाल्याला तर अजिबात सुचवू नका.

उरलेलं चरण तिने नंतर स्वतःच घेतलं, लाईट गेलेली बघून. फाईल आली तर आवाज वेगळाच, जरा लांबचा. मधे कुणी तरी केर काढताना स्टँड हलवला होता. स्टँडचे पाय आणि तिची बसायची जागा, दोन्हीच्या कडेने फरशीवर रंगीत टेप लावायला सांगितला आणि ते चरण परत मागवलं. ते आलं, आता बरोबर जुळतंय. तबलजीचा ट्रॅक तेवढा अजून यायचाय, तो म्हणतोय लग्नसराई संपली की देतो.