इंबेची गुइनोमी

ओकायामाहून आको मार्गाची लोकल धरली की पाऊणेक तासात इंबे येतं. गाव लहानसंच. कौलांवरून विटांची चौकोनी धुराडी डोकावायला लागली की समजायचं, बिझेनच्या मातीकामाच्या गावात पोचलो. जपानच्या सहा प्राचीन भट्टी-परंपरांपैकी बिझेन ही एक.

मला हवी होती गुइनोमी, म्हणजे साके ही तांदळाची जपानी दारू प्यायचा छोटा पेला. दुकानातल्या आजींनी फळीवरचे दोन माझ्यापुढे ठेवले आणि हातात घेऊन बघा, अशी खूण केली. एकावर पिवळसर ठिपके होते. भट्टीत उडालेली पाइनची राख भांड्यावर बसून वितळली की ते उमटतात. त्यांना म्हणतातच ‘गोमा’, तीळ! दुसरा फिकट बदामी, त्यावर शेंदरी रेघा. माझं मन दुसऱ्यावरच बसलं.

त्या रेघा कुणी रंगवलेल्या नाहीत. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना भाताचा पेंढा गुंडाळतात. आचेत पेंढा जळून जातो, पण त्यातले क्षार मातीतल्या लोहाशी मिळतात आणि काडी टेकली होती तिथे शेंदरी रेघ राहते. हिदासुकी म्हणतात तिला. आमच्या कोकणात पेंढा गुरांपुढे पडतो, आंब्याच्या पेटीत पसरतो. तोच इथे असं नक्षीकाम करतो, हे बघून मला फार आनंद झाला. मातीसुद्धा भातखाचरांच्या खालून काढलेली. ती भाजताना खूप आकसते, घाईची आच सोसत नाही. म्हणून लाल पाइनची लाकडं घालत दहा-चौदा दिवस भट्टी पेटती ठेवायची, हळूहळू १२०० अंशांच्या वर न्यायची. रात्रीसुद्धा कुणीतरी जागं राहून लाकडं सारत असतं. झिलई अजिबात नाही. जे दिसतं ते माती, पेंढा आणि आगीचं.

पेला उलटा करून पाहिला. बुडाशी चाकावरून दोऱ्याने कापल्याच्या बारीक वळ्या तशाच होत्या. काठ एका बाजूला किंचित खाली दबलेला. ओठ आपोआप तिथेच जातो.

रात्री मुक्कामावर त्यात गार साके ओतली. ओली झाल्यावर माती गडद झाली आणि दुकानात कोरड्या पेल्यात दिसली नव्हती अशी एक शेंदरी रेघ काठावरून आत उतरून थेट तळापर्यंत गेलेली दिसली.