आईच्या फोनवर संकष्टी दोनदा

परवा सकाळी सांगलीहून आईचा फोन. "अगं, आज संकष्ट्या दोन आहेत का? मघापासून दोनदा वाजला हा."

चूक माझी. दिवाळीत हौसेने पंचांग पुढ्यात घेऊन २०२६ च्या सगळ्या संकष्ट्या कॅलेंडरच्या नोंदी साठवणाऱ्या एका डॉट आयसीएस फाइलीत भरून मी तिच्या फोनवर पाठवल्या होत्या. नंतर एक चंद्रोदयाची वेळ चुकलेली दिसली, म्हणून दुरुस्त करून फाइल पुन्हा पाठवली. झालं, सगळंच दुप्पट.

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, साधा मजकूर असतो. 'बिगिन व्हीइव्हेंट' ते 'एंड व्हीइव्हेंट' म्हणजे एक नोंद. त्यात डीटीस्टार्ट म्हणजे सुरुवातीची वेळ, समरी म्हणजे शीर्षक आणि मला नडलेला यूआयडी, म्हणजे नोंदीची ओळखखूण. या फाइलींचं आयकॅलेंडर नावाचं मानक १९९८ चं, २००९ मध्ये ते आरएफसी ५५४५ या दस्तऐवजात नव्याने आलं. त्यानुसार यूआयडी तोच असेल तर नोंद तीच. सुधारली की शेजारचा सीक्वेन्स आकडा वाढवायचा. फाइल बनवणारी माझी स्क्रिप्ट दर वेळी नवा यूआयडी पाडत होती, मग फोनने तरी काय करावं? आता यूआयडी महिन्याच्या नावावरून बनवते. त्यातही यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणून अधिक आणि निज वेगळे लिहावे लागले.

मराठीत समरी लिहिताना आणखी एक गंमत. ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नको, मोडली तर पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करायची. देवनागरीच्या एकेका चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. पंचवीसेक चिन्हांतच ओळ भरते. मी डोळे झाकून बाइट मोजून कापलं, तर 'चंद्रोदय' मधोमध तुटून तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन आला.

दादा न्यू जर्सीत. वेळेच्या शेवटी झेड असला की ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून आपले रात्रीचे नऊ त्याला उन्हाळ्यात सकाळी साडेअकरा दिसतात. भर दिवसा चंद्रोदय! झेड काढून नुसते आपले नऊ लिहिले तर त्यालाही नऊ दिसतील, पण तिथला चंद्र काही सांगलीच्या वेळेला उगवत नाही. त्याची फाइलच वेगळी.

खरं तर ही सगळी हमाली आरआरूलमध्ये, म्हणजे नोंद पुन्हापुन्हा येण्याच्या नियमात, तिथी बसत नाही म्हणून. बँकांचा दुसरा-चौथा शनिवार एका ओळीत मावतो: फ्रीक मंथली, बायडे टूएसए, फोरएसए. कृष्ण चतुर्थी मात्र दर महिन्याला हातानेच लिहायची. आरडेटमध्ये तारखांची माळ लावता येते, पण मला शीर्षकातच प्रत्येक चंद्रोदयाची वेळ हवी होती. म्हणून तेरा संकष्ट्या, तेरा नोंदी.

हे सगळं आईला सांगितलं नाही. जुन्या नोंदी काढून टाकल्या एवढंच म्हटलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: "आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, ते घालता येईल का यात?"

फ्रीक डेली, इंटरव्हल टू. पहाटे साडेपाचचा गजर लावून दिला.