तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःची रोजनिशी छापायला परवानगी कशाला?

निवृत्त राजकारण्यांच्या आठवणींची पुस्तके मी जमवतो, हे कळल्यावर एक प्रश्न हमखास येतो: रोजनिशी ज्याची त्याची, मग ती छापायला सरकारला का विचारायचे? ब्रिटनमध्ये याचे उत्तर थोडे कायद्यात होते, थोडे गोपनीयतेच्या शपथेत आणि बरेचसे मॉरिस हँकी या गृहस्थांच्या टेबलावर.

डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि मंत्रिमंडळाच्या बैठकींची टिपणे ठेवण्याचे काम हँकींकडे आले. ते त्यांनी १९३८ पर्यंत सांभाळले. सत्तेबाहेर गेलेल्या लॉइड जॉर्जांनी १९३३ ते १९३६ या काळात पहिल्या महायुद्धाच्या आठवणींचे सहा खंड काढले, तेव्हा मजकूर तपासायला हँकींकडेच जाई. (घरचाच माणूस, त्यामुळे भांडायचीही पंचाईत.) १९१७ मध्ये रशियाच्या पदच्युत झारला आश्रय देण्याचे आधी कबूल करून ब्रिटनने नंतर हात आखडता घेतला, त्यामागे राजे पाचवे जॉर्ज यांचा आग्रह होता; त्याविषयीचे मूळ प्रकरण गाळून लॉइड जॉर्जांनी तेथे सौम्य मजकूर घातला. बंदीचा हुकूम कोणी काढला नव्हता. मात्र मंत्रिमंडळाची कागदपत्रे वडिलांच्या चरित्रात छापल्याबद्दल माजी मंत्री जॉर्ज लॅन्सबरी यांच्या मुलाला १९३४ मध्ये दंड झाला होता आणि माजी मंत्र्यांकडून जुनी कागदपत्रे परत मागवली जाऊ लागली होती.

हँकी स्वतःही १९१५ पासून रोजनिशी लिहीत. सचिवपदानंतर मिळालेले मंत्रिपद १९४२ मध्ये गेल्यावर, तिच्या आधारे लिहिलेला पहिल्या महायुद्धाचा वृत्तांत छापायला त्यांनी परवानगी मागितली, तेव्हा पंतप्रधान चर्चिल यांनी ती नाकारली आणि पुढे त्यांच्यानंतरचे पंतप्रधान अ‍ॅटली यांनीही. बैठकीत टिपणे घेणारा सचिवच उद्या ती छापणार असेल तर मंत्री मोकळेपणाने बोलतील कसे, हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. आयुष्यभर हँकींनीच तो जपला होता. खटकतो तो पंक्तिप्रपंच. चर्चिल यांना दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास लिहिताना सरकारी कागदपत्रे वापरू दिली गेली आणि मंत्रिमंडळ सचिव नॉर्मन ब्रूक यांनी त्यांचे मसुदे नुसते तपासले नाहीत, तर सुधारूनही दिले.

हँकींचे दोन खंड अखेर १९६१ मध्ये निघाले. लॉइड जॉर्जांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती, आणि हँकींच्या हाती दोनही वर्षे उरली नव्हती.