पेटीवर ठेवायचा फोटो

२००३ च्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, इंदूरच्या राजवाड्यामागे असलेल्या माझ्या स्टुडिओत एक वयस्कर गृहस्थ आले आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फोटोंचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. त्यांचा मुलगा काश्मीरमध्ये चकमकीत गेला होता. पार्थिव दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने यायचे होते, दुपारी दफनविधी होता, आणि पेटी उघडू नये असे घरी कळवण्यात आले होते. "चेहरा दिसणार नाही म्हणतात, दादा. म्हणून पेटीवर ठेवायला मोठा फोटो पाहिजे," ते म्हणाले.

कुटुंब मराठी ख्रिस्ती, मूळचे अहमदनगरकडचे. आजोबा महूच्या छावणीत नोकरीला आले आणि इकडचेच झाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार रणभूमीजवळच होत; पार्थिव घरी पोहोचवण्याची पद्धत १९९९ च्या कारगिल युद्धापासून रूढ झाली. त्यामुळे अशा वेळी घरच्यांनी नेमके काय करायचे असते, हे विचारायला त्यांच्या ओळखीत कोणीच नव्हते.

गठ्ठ्यात साठेक फोटो होते. नाताळ, बहिणीचे लग्न, भाच्याचा बाप्तिस्मा, सगळे होते. तो मात्र जवळजवळ कुठेच नव्हता. पहिल्या पगारातून त्याने लष्कराच्या कँटीनमधून कॅमेरा घेतला होता आणि रजेवर आला की घरातले फोटो तोच काढत असे. वडील एकेक फोटो उचलून "हा त्यानेच काढलेला," "हाही त्यानेच," असे म्हणत बाजूला ठेवत गेले, आणि आपण काय म्हणतो आहोत हे लक्षात आल्यावर थांबले. वर्दीतला एकच फोटो होता, कसम परेडचा, म्हणजे प्रशिक्षणानंतरच्या शपथविधीचा, आणि त्या तुकडीच्या फोटोत त्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. तो मोठा केला असता तर नाक-डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके उरले असते.

शेवटी वडिलांनी खिशातल्या पाकिटातून एक पासपोर्ट फोटो काढला. त्याच्या मागे माझ्याच स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेला नंबर होता. १९९६ साली भरतीच्या अर्जासाठी तो माझ्याकडे आला होता. मला तो मुलगा आठवत नव्हता, आणि आठवतो असे मी खोटे सांगितलेही नाही. रजिस्टरवरून निगेटिव्ह मात्र सापडली, आणि तिच्या शेजारच्या चौकटीत तोच मुलगा स्टुडिओतला काळा कोट घालून बसलेला दिसला. अर्जाला कोट लागत नाही. त्याने तो हौसेने मागून घेतला असणार. त्या पोझचे प्रिंट नेल्याची खूण रजिस्टरमध्ये नव्हती. कदाचित पैसे कमी पडले असतील.

त्या वर्षी मध्य प्रदेशात विजेचे हाल होते. दिवे गेल्यावर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचे यंत्र, बंद पडणे हे तरी कळते, पण व्होल्टेज हळूच उतरले की त्यातला दिवा मंदावतो आणि प्रिंट फिके येते, आणि हे डेव्हलपरच्या ट्रेमध्ये चेहरा उमटेपर्यंत समजत नाही. चार कागद वाया गेले. रात्री दोननंतर वीज स्थिर झाली, तेव्हा दोन्ही पोझची १२ बाय १५ इंची प्रिंट काढली आणि उजाडल्यावर त्यांच्या घरी नेली.

आईने कोटातला फोटो बराच वेळ हातात धरला. "हा कोट कोणाचा?" त्यांनी विचारले. "स्टुडिओतला आहे, मावशी." "मोठा होतोय त्याला," एवढेच त्या म्हणाल्या, आणि तोच फोटो घ्यायचा ठरला. जवानाचा फोटो वर्दीतच हवा, कसा का येईना, असे एका नातेवाइकाने सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्दी पेटीत आहेच."

पेटीवर ठेवायचा तो फोटो शेवटी पेटीवर ठेवला गेला नाही. तिरंग्यावर काही ठेवायचे नसते, असे सुभेदारसाहेबांनी हलक्या आवाजात सांगितले आणि स्वतःच एक स्टूल आणवून शेजारी मांडले. झेंड्याची केशरी पट्टी डोक्याकडे होती. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, बंदुकीच्या फैरी झडल्या, बिगुल वाजले. ध्वज कबरीत उतरवायचा नसतो, म्हणून पेटी खाली सोडण्याआधी जवानांनी त्याची घडी घातली आणि ती वडिलांच्या हातात दिली. घरच्यांनी मला फोटो काढायला सांगितले होते. मी एकंदर नऊ काढले. एक वार्ताहर आईला वर पाहायला सांगत होता, त्या वेळी मी कॅमेरा खाली घेतला. धंद्यात ही चूकच म्हणायची.

महिन्याभराने दोघे पुन्हा आले, पेन्शनच्या कागदांसाठी जोडफोटो काढायला. खुंटीवरच्या कोटाकडे पाहून वडिलांनी विचारले, "हाच का?" मी हो म्हणालो. कोट अंगाला बसावा म्हणून आम्ही तो पाठीमागून चिमट्यांनी आवळतो. ते चिमटे कॉलरलाच लावून ठेवलेले असतात. त्यांनी ते बोटाने चाचपले, कोट होता तसा राहू दिला आणि पत्नीशेजारी येऊन बसले.